प्लेगच्या जंतूने ढाल का टाकली?

अध्यक्षमहाशय आणि मित्रहो,

आपल्याकडे प्लेगचा विषय काढला की श्रोते थेट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर जाऊन उभे राहतात. रँड आणि चाफेकर बंधू यांचे महत्त्व मी नाकारत नाही; परंतु ज्या जंतूमुळे ते सारे घडले, त्याची साधी चौकशीही कोणी करीत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी १८९६ च्या सप्टेंबरात हा रोग ओळखला आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मृत जंतूंपासून केलेली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. या जंतूवर मी लिहिलेला लेख एका नियतकालिकाने ‘रँडच्या खुनाविषयी एक परिच्छेद वाढवावा’ अशा सूचनेसह परत पाठवला. (हशा.) जंतूच्या बाह्यपटलाचा, म्हणजे त्याच्या बाहेरच्या आवरणाचा, रँडशी कोणता संबंध जोडावा, हे मला आजतागायत सुचलेले नाही.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा मुद्द्यावर येतो.

माणसाचे ताजे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, अनेक जिवाणूंना मारते. तेच अर्धा तास ५६ अंश सेल्सिअसला तापवले की ही शक्ती नष्ट होते. या शक्तीतील उष्णतेने नासणारा घटक म्हणजे कॉम्प्लिमेंट ही प्रथिनांची साखळी. शास्त्रज्ञ बोर्दे यांनी १८९५ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तिचे कार्य उलगडले आणि त्यांना १९१९ चे नोबेल मिळाले. या साखळीची शेवटची प्रथिने ग्राम-निगेटिव्ह (म्हणजे दुहेरी पटल असलेल्या) जिवाणूच्या बाह्यपटलात सुमारे दहा नॅनोमीटर रुंदीचे छिद्र पाडतात. साल्मोनेलासारखे जिवाणू यावर तोड म्हणून पटलाबाहेर शर्करेच्या लांब साखळ्यांचे, म्हणजे ओ-अँटिजेनचे, जणू बाभळीच्या काट्यांचे कुंपण उभारतात. मारक प्रथिने त्या काट्यांतच अडकतात आणि पटलापर्यंत पोहोचत नाहीत.

प्लेगच्या जंतूजवळ मात्र हे कुंपण नाही. त्याचा पूर्वज यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस याच्याजवळ ते आहे, पण प्लेगच्या जंतूत त्यासाठी लागणारी काही जनुके निकामी झाली आहेत. तरीही सीरम त्याला मारू शकत नाही, कारण त्याच्या बाह्यपटलात ‘एल’ (Ail) नावाचे एक छोटे प्रथिन आहे. आपल्या स्वतःच्या पेशींना कॉम्प्लिमेंटपासून वाचवणारी फॅक्टर एचसारखी नियंत्रक प्रथिने ते पकडून ठेवते, आणि आपलाच पहारेकरी जंतूच्या दारात उभा राहतो. एलचे जनुक काढून टाकले की हाच जंतू माणसाच्या सीरममध्ये मरतो.

मग ही कुंपणाची ढाल टाकली कशासाठी? त्याच पटलावर ‘प्ला’ हे दुसरे प्रथिन आहे. ते आपल्या रक्तातील प्लाझ्मिनोजेन या निष्क्रिय प्रथिनाचे सक्रिय प्लाझ्मिन करते, प्लाझ्मिन फायब्रिनच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांच्या, गुठळ्या विरघळवते आणि पिसवेच्या दंशातून आत शिरलेल्या जंतूला पसरायला वाट मोकळी होते. शर्करेच्या लांब साखळ्या असतील तर प्लाचे काम अडते.