जूनचा खर्च, दिवाळीनंतरचा पट

(दृश्य: रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. पाऊस. शाकारून ठेवलेल्या नौका.)

1 जून ते 31 जुलै. यांत्रिक नौकांना समुद्रात जायला बंदी. हा माशांच्या विणीचा काळ, त्यामुळे बंदी हवीच. पण खलाशाच्या आणि मासळीची टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईच्या घरात या दोन महिन्यांत रोकड येत नाही. आंबा उतरून झालेला असतो, काजूची बी कधीच विकलेली असते आणि लावणी तोंडावर आलेली असते.

नेमकी याच वेळी शाळा उघडते.

सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. वह्या, दप्तर, छत्री आणि चपला मात्र घरच्यांनीच बघायच्या. नववीपासून पुस्तकंही विकत. कोकणात पैसा कुठल्या महिन्यात हाती येतो, त्यावर बऱ्याच पोरांची शाळा अवलंबून असते.

(दृश्य: जिल्हा परिषदेची मराठी शाळा. वह्यांचे गठ्ठे उतरवणारी माणसं.)

ही मंडळी मुंबईहून रातोरात प्रवास करून आली आहेत. गावाचं मुंबई मंडळ. जूनमधलं वह्यावाटप हे कोकणातल्या कितीतरी वाड्यांचं ठरलेलं काम, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. गिरणीत राबणारा कोकणी माणूस लालबाग-परळच्या चाळीत, गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहायचा आणि पगार झाला की मनीऑर्डर करायचा. त्याच्या वर्गणीतून गावात देवळं उभी राहिली, तशा शाळाही उभ्या राहिल्या. मंडळांनी नाटकांचे प्रयोग लावून शाळेच्या इमारतींसाठी पैसा जमवला.

धोंडो केशव कर्वे यांनी दापोली तालुक्यातल्या आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ काढला, तो हाच विचार करून: बाहेर कमावणाऱ्यांनी गावासाठी काही बाजूला ठेवावं. आणि आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी. त्यांनी 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. पाळी संपवून आलेला माणूस कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवायचा. मदत कशी करावी याचा हा नमुना मला फार मोलाचा वाटतो. शाळेची वेळ कामगाराच्या पाळीप्रमाणे ठरली. कामगाराला शाळेसाठी पाळी सोडावी लागली नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या आणि मनीऑर्डरी आटल्या. मंडळं टिकली, वह्या येत राहिल्या.

वह्या हव्यातच. पण दप्तर मिळालं म्हणून पोर शाळेत टिकतं असं नाही.

(दृश्य: रायगड जिल्हा. वीटभट्टी. धूर.)

दिवाळी झाली की रायगडातल्या कातकरी वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. पावसाळ्यात घर चालवायला भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला अख्खं कुटुंब भट्टीवर जातं. आई चिखल तुडवते, बाप विटा पाडतो, आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते. जूनमध्ये मिळालेल्या वह्या निम्म्या कोऱ्याच राहतात. इथे मदत पोचायला हवी ती उचलीच्या आधी, पावसाळ्यातच. तेव्हा तांदूळ आणि औषधपाण्याची सोय झाली तर उचल कमी घ्यावी लागेल. आणि मुलांना आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे ठेवता आलं, तर वर्ष वाचतं.

आईचा विचार केल्याशिवाय मुलाचं भलं होत नाही, हे देवरुखला इंदिराबाई हळबे यांनी फार लवकर ओळखलं. लोक त्यांना मावशी म्हणायचे. 1954 साली त्यांनी ‘मातृमंदिर’ची सुरुवात दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून केली. पुढे निराधार मुलींसाठी ‘गोकुळ’ उभं राहिलं. आधी बाळंतीण, मग लेकरू.

(दृश्य: काजू युनिट. कटरचा आवाज.)

आता या ताईंच्या हातांकडे बघा. वाफवून गार केलेली काजूबी त्या कटरच्या दोन पात्यांमध्ये धरतात. पायाने पेडल दाबलं की पाती कवचात शिरतात, दांडा ओढला की कवच उघडतं. मग सुईने गर अलगद सोडवायचा. टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, म्हणून हातमोजे घालायचे किंवा बोटांना सतत तेल लावायचं. जोर जास्त झाला तर गराची पाकळी होते आणि भाव पडतो. अख्खा राहिला तर तो आकारानुसार प्रतीत जातो. 240 नंबर म्हणजे एका पौंडात साधारण 220 ते 240 गर.

हे कसब शिकायला वेळ लागतो. पण एकदा हात बसला की त्याचा फायदा पुढेही होत राहतो. कच्ची बी विकली तर पैसा मे महिन्यातच येतो आणि संपतो. नीट वाळवलेली बी साठवून ठेवता येते, भर पावसात फोडता येते. म्हणजे जून-जुलैतही चार पैसे घरात येतात. बचत गटाला कटर देणाऱ्या संस्थेने बी खरेदीसाठी खेळतं भांडवलही दिलं पाहिजे. नाहीतर हंगामात बी व्यापारी उचलतो आणि यंत्र नुसतं पडून राहतं.

शिलाई मशीन वाटपाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. पन्नास घरांच्या वाडीत दहा मशिनी दिल्या, तर शिवून घ्यायला येणार कोण?

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत वेगळ्या वाटेने काम झालं. तिथल्या ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका 2017 पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. खाडी त्यांच्या ओळखीची होतीच. प्रशिक्षणात भर पडली ती कांदळवनाच्या जाती ओळखण्याची, पक्ष्यांच्या नावांची आणि पाहुण्यांसमोर न बुजता बोलण्याची. स्वतः वल्हं मारत त्या माहिती सांगतात तेव्हा त्यांचा आवाज ऐकावा, खणखणीत असतो.

(दृश्य: हापूसची बाग. झोपडीबाहेर खेळणारी मुलं.)

ही मुलं नेपाळची. यांचे आईवडील आंब्याच्या बागेत राखणीला येतात आणि हंगाम संपला की परततात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा ही मुलं इथे नसतात, त्यामुळे वह्यावाटपाच्या यादीत त्यांची नावं येत नाहीत. काही शिक्षक स्वतःहून बागेत जाऊन त्यांना वर्गात आणून बसवतात.

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की देवळात मंडळाची सभा भरते. यंदा त्या सभेला मुख्याध्यापकांना बोलवा, अंगणवाडीताईंनाही बोलवा. दिवाळीनंतर पटावरची कोणती मुलं दिसेनाशी होतात, कोणाच्या घरी उचल घेतली जाते आणि कुठल्या बागेत नवी मुलं आली आहेत, हे त्यांना तोंडपाठ असतं.