वीरच्या पुढे एकच रूळ

रात्रभर पाऊस लागून राहिलाय. डोंगर कापून काढलेल्या या कटिंगमधून बत्ती घेऊन चाललेला माणूस कोकण रेल्वेचा गस्तीवाला. त्याच्या बत्तीचा झोत रुळावर कमी आणि वरच्या उतारावर जास्त फिरतो. माती ओघळलीय का, दगड सुटलाय का, पाणी गटार सोडून रुळाकडे वळलंय का, हे तो बघतोय.

पिशवीतून त्याने काढलेल्या या चपट्या डब्या म्हणजे फटाके. दरड दिसली की गाडी येणार त्या दिशेला धावत जायचं आणि डब्या रुळावर बांधायच्या. इंजिनाचं चाक वरून गेलं की बार उडतो, चालक ब्रेक लावतो. मोबाइलला रेंज नसो, धुक्यात लाल बत्ती दिसो न दिसो, बार ऐकू जातोच.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळली. पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर उतारांवर या जाळ्या आल्या, गस्त वाढली. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं, की ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही, असा चालकांना हुकूम आहे. या उशिराबद्दल कुणी कुरकुर करू नये.

आता हे मे महिन्यातलं चित्रण बघा. आभाळ कोरडं, ऊन रणरणतंय, आणि पॅसेंजर स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, लूप लाइनला, उभी. लोक खाली उतरून झाडाखाली बसलेत. समोरून एक्स्प्रेस धडधडत गेली. क्रॉसिंग झालं म्हणून सगळे डब्यात चढले, पण सिग्नल लालच. मागून आणखी एक गाडी येतेय, तिलाही पुढे काढायचंय.

रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा मार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा. तो १९९८ मध्ये पुरता सुरू झाला तेव्हा एकेरी रूळ पुरत होता. नंतर गाड्या वाढत गेल्या, २०२३ मध्ये मडगावची वंदे भारत आली, गणपतीतल्या जादा गाड्याही याच रुळावरून धावतात. रोहा ते वीर एवढा जेमतेम ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे मात्र दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने थांबायचं, आणि थांबते ती बहुतेक वेळा पॅसेंजर. आतल्या माणसाची गावाकडची शेवटची एसटी तेवढ्यात निघून जाते.

दुसरा रूळ टाकणं सोपं नाही, हे हा करबुडे बोगदा बघितला तरी कळतं. साडेसहा किलोमीटर लांब, आत एकाच गाडीपुरती जागा. शेजारी नवा बोगदा खोदायचा तर पैसा प्रचंड लागणार. कोकण रेल्वेचं वेगळं महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन झाल्यावर हा पैसा मिळेल, या अपेक्षेने महाराष्ट्राने २०२५ मध्ये विलीनीकरणाला संमती दिली.

सगळा मार्ग एका दमात दुहेरी होणार नाही, हे कोकणी माणसाला कळतं. त्याचं मागणं एवढंच, की जिथे मोठे बोगदे नाहीत ते टप्पे आधी हाती घ्या. वीरच्या पुढचं काम त्या बोगद्यांसाठी थांबवू नका.