राजाला उलटं विचारणारा सोंगाड्या

तमाशाच्या बोर्डावर, म्हणजे मंचावर, राजा येतो. ढोलकी थांबते. समजा, राजा विचारतो, "प्रधानजी, राज्याचा हालहवाल काय?" कोपऱ्यातून उत्तर येतं, "हाल लई हायेत म्हाराज, हवाल तेवढा दिसंना." हलगीवर थाप पडते, मैदान हसतं. हे उत्तर देणारा तो सोंगाड्या.

रोजच्या बोलण्यात आपण हा शब्द फार हलका करून टाकलाय. आजाराचा बहाणा करणारा, काम टाळणारा, खोटं रडणारा, सगळ्यांना आपण सोंगाड्याच म्हणतो. तमाशाच्या फडावर मात्र सोंग घेतात आणि ते वठवावं लागतं. वठलं नाही तर समोरचा प्रेक्षक तिथल्या तिथं ओरडून सांगतो. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाडा या उत्सवातही सोंगं नाचतात. ती देवादिकांची, मुखवटे लावलेली. तमाशातल्या सोंगाड्याला मुखवटा नसतो. त्याला तोंडानंच निभवायचं असतं.

तमाशाचा क्रम ठरलेला: गणपतीचं स्तवन म्हणजे गण, कृष्ण-गवळणींची गौळण, चुरचुरीत संवादांची बतावणी आणि मग वग, म्हणजे गोष्टीचं नाट्य. गौळणीत कृष्णाचा सवंगडी पेंद्या असतो, वगात कुणी प्रधान, कुणी हवालदार, कुणी साधा कुंभार. वगाची गोष्ट ठरलेली, गाणीही ठरलेली. संवाद मात्र बहुतेक उभ्या उभ्या जुळवायचे. समोरच्याचा एक शब्द पकडायचा, त्याचा भलताच अर्थ लावायचा आणि राजा चिडून पुढचा प्रश्न विचारील असं बघायचं. त्यातच गावचा खचलेला रस्ता घ्यायचा, आटलेली विहीर घ्यायची.

आणि हे बोलणारा कोण? तमाशात उभे राहणारे बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी समाजातले. दिवसा ज्याला वाड्याच्या उंबऱ्याबाहेर थांबावं लागे, तोच रात्री बोर्डावर राजाला उलटं विचारी आणि गावातले मानकरी पुढं बसून ते ऐकत. सोंगाड्याला नुसता विनोदी नट म्हणणं मला म्हणूनच अपुरं वाटतं.

'गाढवाचं लग्न' या वगातला सावळ्या कुंभार दादू इंदुरीकरांनी गाजवला. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ. दोघं सारखेच दिसत, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा समजून होणारा घोटाळा त्यांना वेगळा रचावाच लागत नसे.

1965 साली वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आलं आणि सोंगाड्या शहरातल्या नाट्यगृहात पोचला. संहिता लिहिलेली होती, तरी हवालदार झालेले दादा कोंडके तिच्यात ताज्या घडामोडी घालत राहिले. हीच खरी सोंगाड्याची रीत. पुढं 1971 मध्ये 'सोंगाड्या' याच नावाचा त्यांचा चित्रपट आला आणि शब्द घराघरांत गेला. पण पडद्यावर एकदा बोललेलं वाक्य बदलत नाही. समोर कुठलं गाव बसलंय, हे पडद्याला कळत नाही.

फडावरच्याला ते कळतं. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येऊन खेळांच्या सुपाऱ्या ठरवतात आणि जत्रांचा हंगाम सुरू होतो. तुमच्या गावच्या जत्रेत फड आला, तर गाणी संपली म्हणून उठू नका. वग लागेपर्यंत थांबा, आणि राजाच्या शेजारी कोण उभा आहे ते बघा.