पॅड बदलायला अर्धा तास, पिन सोडवायला अख्खा दिवस

(दृश्य : मालवणच्या अलीकडचं घर. खळ्यात उभी लहान हॅचबॅक, पुढचं डावं चाक काढलेलं.)

पाऊस उघडला की किनाऱ्यालगतच्या गाड्यांची एक तक्रार ठरलेली. न्यूट्रलला ढकलली तरी गाडी जड लागते, पुढच्या एका चाकातून करकर येते. मेकॅनिक म्हणतो, ब्रेकचे पॅड गेले. बरोबरच म्हणतो. पण पॅड का गेले, ते नुसते पॅड बदलून कळत नाही.

लहान गाड्यांना पुढे बहुतेक एकाच पिस्टनचा सरकता कॅलिपर असतो, म्हणजे पॅड दाबणारी पकड. पिस्टन आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की तो आतला पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर रेटतो, आणि त्याच रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून मागे सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतो. पिना जाम झाल्या की हे सरकणं थांबतं.

(दृश्य : जुने दोन पॅड, फडक्यावर शेजारी शेजारी.)

म्हणून जुने पॅड लगेच भंगारात टाकू नका. आतला पत्र्यापर्यंत आलाय आणि बाहेरचा अर्धा शिल्लक आहे, तर पहिला संशय पिनांवर. पॅड तिरका झिजलाय, तर तो ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पॅड बसतात त्या चौकटीत, अडकत असणार किंवा एकच पिन अडली असणार. या चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या बाजूच्या चाकाच्या आधी संपलेत, तर पिस्टन मागे जात नसावा. हत्याराला हात लावण्याआधी एवढं समजतं, आणि पुढची निम्मी मेहनत वाचते.

कोकण किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात खारा वारा. मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे कोरड्या दिवशीही लोखंडावर पाण्याचा पातळ थर राहतो. चाकरमान्यांची गाडी गावी महिनोन् महिने उभी असली, तर ब्रेक दाबलाच जात नाही आणि गंजाला कोणी खरवडतही नाही. गंज मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा व्यापतो, ओलसर गंज त्याहून जास्त. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत घट्ट बसतं, तसा तो सांध्यात बसतो. भाग जाम होतो तो यामुळे.

(दृश्य : हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड, जॅकशेजारी स्टँड.)

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करू नका. एवढंच सांगून पुढे जाऊ.

कॅलिपरचे बोल्ट सुटले, पण पिन ब्रॅकेटमधून हलत नाही. शेजारचे आजोबा गडग्यावरून सांगतात, "अरे, घासलेट ओत मरे!" नट सोडवायला ही युक्ती जुनी आणि खरी. पण इथे पिनेला रबरी बूट, म्हणजे आवरण, आहे. घासलेट, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस, सगळ्यांनी हे रबर फुगतं. आज स्प्रेच्या डब्यात मिळणारं डब्ल्यूडी-४० १९५३ साली अमेरिकेत सान दिएगोला तयार झालं, ते ओल हटवायला आणि गंज रोखायला. त्याने पिन आज सुटेल, पण वंगण म्हणून त्याचा भरवसा नाही. आधी बूट बाजूला घ्या, गंज सोडवणारं तेल फक्त सांध्यात सोडा, आणि चहा घ्या. तेलाला आत मुरायला वेळ लागतो. मग पिनेच्या षटकोनी डोक्यावर पाना लावून ती ओढायची नाही, फिरवायची. थोडी पुढे, थोडी मागे. सरळ ठोकली तर डोकं तुटतं, आणि उरलेली पिन काढायला ड्रिल लागतं.

बाहेर आलेल्या पिनेवर खड्डे असतील तर नवीन घ्या. नसतील तर पॉलिश पेपरने साफ करा, भोकातलं जुनं ग्रीस फडक्याने पुसून काढा आणि ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. ग्रीस कोंबलं तर आत हवा अडकते आणि पिन दाबली की परत बाहेर येते. काही गाड्यांत दोनपैकी एका पिनेला टोकाशी रबर असतं. कुठली वरची, कुठली खालची, ते काढतानाच लिहून ठेवा.

(दृश्य : ब्रॅकेटची खाच, स्टीलची क्लिप, तिच्याखालची तपकिरी भुकटी.)

माझ्या मते खरा चोर इथे लपलेला असतो. पॅडच्या दोन टोकांचे कान या खाचेत सरकतात. स्टीलची क्लिप चकचकीत दिसते म्हणून कोणी ती उचलत नाही. गंज असतो तिच्या खाली. तो फुगून क्लिपला वर ढकलतो आणि पॅडचा कान चिमटीत धरतो. जुना पॅड हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी निघतो. मग नवीन पॅड बसत नाही, म्हणून काही जण त्याचे कान कानशीने घासतात. पॅडला हात लावू नका. क्लिप काढा, खाच तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा, नवी क्लिप बसवा. पॅड हाताने सरकला पाहिजे.

डिस्क हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, चिकटली असेल आणि तिच्यावर आट्यांची दोन भोकं दिसत असतील, तर ती त्यासाठीच आहेत. त्यांत मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, डिस्क स्वतःच बाहेर येते. डिस्कच्या छोट्या स्क्रूचं डोकं मात्र साध्या स्क्रू ड्रायव्हरने हमखास जातं. तिथे ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

आच देणार असाल तर रबरापासून दूर. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला आच कधीच नाही. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघू शकतो.

पिस्टन सी क्लॅम्पने हळू आत ढकला, ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवून. ती भरून सांडली तर रंग जातो. कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेकच्या नळीवर, लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. पिस्टन हलतच नसेल, तर घरचं काम तिथे संपलं. हवेच्या दाबाने तो काढताना गोळीसारखा सुटतो आणि बोटं चिरडतात.

(दृश्य : चाक बसलेलं. पेडलवरचा पाय.)

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पहिल्या एकदोन दाबांत पाय खालपर्यंत जातो, आणि ते उतारावर कळणं परवडत नाही. मग मोकळ्या रस्त्याला थोडं फिरून या आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या. डिस्कला लावू नका. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट तापली असेल, तर तिथे अजून काहीतरी धरून बसलंय. ते चाक पुन्हा उघडायचं.