ब्रेक कूलिंग डक्ट: हवा डिस्कच्या पोटात गेली पाहिजे

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका पत्राकामाच्या शेडमध्ये शूट करतोय, त्यामुळे मागे ग्राइंडर चालू राहील, तेवढं सांभाळून घ्या. विषय एकच: ट्रॅकवर पळवायच्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेकला हवा कशी द्यायची, म्हणजे हवा नेणारी वाट, डक्ट, कशी करायची. समोर स्टँडवर जी दोन सीटची गाडी दिसतेय, ती ड्रायव्हर धरून साधारण १२०० किलोची. पुढची चाकं काढलीत, बंपर उतरवलाय, म्हणजे सगळं नीट दाखवता येईल.

आधी थोडं गणित. ही गाडी ताशी १६० वरून ६० वर आणायची म्हणजे ब्रेकला सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. त्यातला दोनतृतीयांश भार पुढच्या दोन चाकांवर येतो. एक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, ८ किलोची धरली, तर तेवढ्या एका ब्रेकिंगमध्ये ती साधारण ८० अंशांनी तापते. रस्त्यावर असा ब्रेक क्वचित लागतो. ट्रॅकवर प्रत्येक लॅपला, म्हणजे फेरीला, दोन-तीनदा लागतो, आणि मधल्या काही सेकंदांत डिस्क जेवढी चढली तेवढी उतरत नाही. मग लॅपगणिक आकडा वर सरकत राहतो.

आपल्याकडे लोक लगेच उन्हाला दोष देतात. सोलापूरचं ऊन कडक आहेच, पण ५०० अंशांच्या डिस्कला बाहेर २२ अंश आहेत की ४२, यानं फार फरक पडत नाही. ४७८ अंशांचा फरक ४५८ वर येतो. गरम हवा थोडी विरळ असते, तिथे आणखी सहा-सात टक्के जातात. बस्स. त्यामुळे हिवाळ्यात ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) आहे, ब्रेक टिकतील, या भरवशावर राहू नका.

आता डक्ट घ्यायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: ब्रेक गेला म्हणजे नेमकं काय झालं? पेडल पायाखाली कडक राहिलं, जोर लावला, पण गाडी थांबेना, तर पॅड, म्हणजे डिस्कला घासून थांबवणारे तुकडे, तापून दम सोडतायत. पेडल मऊ होऊन खाली गेलं, दोन-तीन वेळा पंप केल्यावर वर आलं, तर कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, ब्रेक ऑइल उकळलंय आणि त्यात वाफ झालीय. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोघींचा पहिला उपाय डक्ट नाही.

ऑइलचं बघा. डॉट ४ या दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असं मानक सांगतं. तेच ऑइल हवेतलं पाणी शोषत शोषत ३.७ टक्क्यांवर आलं की किमान मर्यादा १५५ वर येते. एक पावसाळा काढलेलं ऑइल घेऊन तुम्ही कोइंबतूरला गेलात, तर बंपरला कितीही मोठी भोकं पाडा, पेडल खाली जाणारच. सोलापुरात ट्रॅक नाही. कोइंबतूर, चेन्नई, नाहीतर थेट ग्रेटर नोएडा. एवढा प्रवास, एवढा खर्च करून पहिल्याच सेशनला गाडी पिटमध्ये उभी करायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून कळकळीनं सांगतो: ताजं ऑइल भरा, नीट ब्लीड करा, म्हणजे नळ्यांतली हवा काढा, ट्रॅकला साजेसे पॅड घाला. त्यानंतरही तापमान हाताबाहेर जात असेल तरच डक्टकडे वळा.

जातंय की नाही हे कळायला डिस्कच्या कडेला लावायचे तापमानाचे रंग मिळतात. नेहमीच्या सेटमध्ये हिरवा ४३० अंशांना, केशरी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. तिन्ही ठिपके लावा, एक सेशन करा, बघा. फक्त हिरवा गेला असेल आणि पॅड चांगले असतील तर डक्टचे पैसे टायरला वापरा. केशरीही गेला तर डक्ट हवा. लाल गेला तर तातडीनं हवा.

(डिस्क हातात घेऊन, कॅमेरा जवळ)

आता ही डिस्क बघा. ओतीव लोखंड. ओतकाम सोलापूरला नवं नाही, प्रिसिजन कंपनीचे इंजिनाचे कॅमशाफ्ट इथूनच जगभर जातात, त्यामुळे इथल्या पोरांना ही वस्तू हातात घेतली की ओळखीची वाटते. कडेनं आत बघा, दोन चकत्यांच्या मधे पाती आहेत. आणि इथे मध्यभागी, हबजवळ (चाक ज्यावर बसतं तो भाग), गोल फट आहे. डिस्क फिरली की ही पाती या फटीतून हवा आत ओढतात आणि कडेनं बाहेर फेकतात. म्हणजे डिस्क हा मुळातच एक पंखा आहे. आपल्या डक्टचं काम एवढंच की या फटीशी थंड हवा आणून द्यायची.

बहुतेक घरगुती डक्ट इथेच फसतात. पाइप आणून त्याचं तोंड डिस्कच्या आतल्या तोंडावर रोखतात. त्यानं एक चकती गार होते, दुसरी तशीच तापलेली राहते, दोन्ही वेगवेगळ्या फुगतात आणि डिस्क वाकडी होते, पुढे तडेही जातात. कॅलिपरवर हवा मारणं हाही अर्धाच उपाय, कारण उष्णता तयार होते डिस्कवर. हवा डिस्कच्या पोटात गेली पाहिजे.

किट मागवण्याआधी दोन गोष्टी तपासा. फट कुठल्या बाजूला आहे? बऱ्याच डिस्कची आतल्या बाजूला असते, काहींची बाहेर. बाहेर असेल तर आतून आणलेला पाइप तिथवर पोचत नाही. दुसरं, पाती वळणदार असतील तर डावी-उजवी डिस्क वेगळी असते. गाडी पुढे जाताना पात्यांची बाहेरची टोकं मागे झुकलेली हवीत.

निवडीचं म्हणाल तर सगळ्यात साधा प्रकार म्हणजे लोअर आर्मवर, चाकाला धरणाऱ्या सस्पेन्शनच्या खालच्या दांड्यावर, बसणारा प्लास्टिकचा डिफ्लेक्टर. गाडीखालून येणारी हवा तो चाकाकडे वळवतो. पोर्शेच्या ९११ जीटी३ वर कंपनीच असे डिफ्लेक्टर देते, आणि पोर्शेच्याच केमन-बॉक्स्टरवाले तेच आपल्या गाडीला बसवतात. वर्षातून एक-दोन ट्रॅक डे करणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापुढे जायचं तर बंपरपासून होज आणि डिस्कमागे बंदिस्त प्लेट.

होज ६३ मिलिमीटरचा की ७६ चा? ७६ मध्ये जवळपास ४५ टक्के जास्त जागा मिळते, म्हणून सगळे तोच मागतात. पण टायर आणि चेसीसच्या मधे तो मावला पाहिजे. दाबून चपटा झालेला ७६ चा पाइप मोकळ्या ६३ पेक्षा वाईट. माल सिलिकॉन लावलेल्या ग्लास फायबरचा, आत तार असलेला घ्या, तो अडीचशे अंशांच्या आसपास सहज टिकतो. किचन चिमणीचा ॲल्युमिनियमचा पाइप अजिबात नको. स्टिअरिंग वळलं की तो दुमडतो, मग फाटतो, आणि आतल्या खाचा हवा अडवतात.

तोंड बंपरच्या पुढच्या सपाट भागात, जिथे हवेचा दाब येतो तिथे. फॉग लॅम्पची जागा त्यासाठी उत्तम. दिसायला छान म्हणून बंपरवर नाका डक्ट, म्हणजे पत्र्यात खोल उतरत गेलेलं हवेचं तोंड, कोरू नका. तो प्रकार १९४५ साली विमानांसाठी पुढे आला, आणि हवा जिथे पृष्ठभागाला घासून जाते तिथे चालतो. समोरून हवा आदळते तिथे सरळ उघडं तोंड बरं.

(बॅकिंग प्लेट दाखवत)

ही डिस्कमागची मूळ प्लेट, तीन बोल्टवर बसते. काही जण ती काढून फेकतात. तसं करू नका. तिच्यामागे बॉल जॉइंट आणि टाय रॉड या सस्पेन्शन-स्टिअरिंगच्या सांध्यांचे रबर बूट आहेत, प्लेट गेली की डिस्कची आच थेट त्यांना लागते. आम्ही हिचाच साचा घेऊन दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमची नवी प्लेट कापली. हबभोवती कडं उभं केलं, ते डिस्कच्या फटीपर्यंत जातं, घासू नये म्हणून मधे तीन-चार मिलिमीटर जागा ठेवलीय. होज चढतो त्या नळीची कड इथल्या अण्णांनी बाहेर वळवून दिली. मी सांगायच्या आधीच म्हणाले, "सायेब, कड वळवून देतो की, नाहीतर क्लिप सरकती." अगदी बरोबर. त्या दोन मिलिमीटरच्या कडेमुळे होज निसटत नाही.

बसवताना होजला थोडी ढील द्या, वळणं मोठी ठेवा. ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर यांना होज टेकता कामा नये. आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. चाक लावा, लोअर आर्मखाली जॅक घेऊन सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर आणा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मग सस्पेन्शन पूर्ण दाबून तेच, पूर्ण लोंबतं सोडून तेच. होजवर खडू घासून ठेवा. टायरवर खडूची रेघ उमटली की रस्ता बदला.

चाचणीला डिस्कच्या कडेनं गोल कागदाच्या पट्ट्या चिकटवा आणि बंपरच्या तोंडाशी ब्लोअर धरा. सगळीकडच्या पट्ट्या हलल्या तर हवा पोटातून जातेय. एकाच जागची हलली तर प्लेटमध्ये गळती आहे. आणि हो, चाकाच्या डिझाइनकडेही बघा. समोरची खिडकी बंद ठेवून कूलर लावला तर खोली गार होते का? बंद तोंडाची जड ॲलॉय असतील तर आत गेलेली हवा अडकते. मोकळ्या स्पोकची चाकं घ्या.

रस्त्यावर चालवताना, विशेषतः पावसात, तोंडं झाकून ठेवा. ट्रॅकचे पॅड गार असले की पकडत नाहीत, वर थंड हवा आणि पाणी गेलं तर पहिला ब्रेक उशिरा लागतो. म्हणून झाकण काढ-घाल करता येईल असं बनवा. ट्रॅकवर सेशन संपताना एक लॅप ब्रेक न वापरता सावकाश फिरा, हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. गाडी गार झाली की होजच्या चारही क्लिपा परत आवळा, रंगाचे ठिपके बघा, आणि डक्ट लावण्याआधीच्या नोंदीशेजारी आजचा रंग लिहून ठेवा.