दहाव्या आकड्यासमोर

माझ्यासमोर एक कागद आहे, माझाच. डाव्या समासात एक ते दहा आकडे लिहिले आहेत आणि त्यांच्यासमोर आवडत्या गाण्यांची नावे भरायची आहेत. पहिले नाव न अडखळता, शाईने लिहिलेले आहे. दुसऱ्यापासून पेन्सिल सुरू होते. तिसऱ्या आकड्यासमोर खोडरबर इतक्या वेळा फिरला आहे की तिथला कागद विरला आहे. उजेडासमोर धरला तर पलीकडचे बोट दिसते. चौथ्यापासून नवव्यापर्यंतच्या नावांमध्ये वरखाली जाणारे बाण आहेत आणि दहाव्या आकड्यासमोर चार नावे एकमेकांना खेटून बसली आहेत. हे काम दहा मिनिटांचे आहे, असे सांगून मी बसलो होतो. कागद असा दिसू लागला, तेव्हा चौथी संध्याकाळ उलटून गेली होती.

कोणती दहा गाणी घ्यायची हे ठरले आहे, असे क्षणभर धरून चालू. तरीही त्यांचा क्रम ३६,२८,८०० प्रकारे लावता येतो. एवढे पर्याय कोणीच तपासून पाहत नाही. आपण दोन गाणी समोरासमोर ठेवतो आणि यातले अधिक आवडते कोणते, असे स्वतःला विचारतो. अशा जोड्या ४५ होतात आणि हे काम आवाक्यातले वाटते. मात्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये अशा जोडीजोडीने केलेल्या तुलनेचा एक नियम मांडला, तो इथे आडवा येतो. एखाद्या गोष्टीचे आपल्या मनातले मोल दर वेळी नेमके तेवढेच भरत नाही, ते एका मध्याभोवती कमीजास्त होत राहते, अशी त्यांची मांडणी होती. दोन गोष्टींमध्ये मोठे अंतर असेल तर या हेलकाव्याने निकाल बदलत नाही. अंतर थोडे असेल तर सकाळचे उत्तर संध्याकाळी उलटते. तिसऱ्या आकड्यासमोरचा कागद विरण्याचे कारण एवढेच असावे.

पण खरी अडचण त्याहून खोल आहे आणि ती मला टेबलावर चिठ्ठ्या मांडल्यावर कळली. तीन चिठ्ठ्या घेतल्या: एक अंगाईगीत, एक गझल आणि एक नाचाचे गाणे. चाल, शब्द आणि गाण्याशी जोडलेली आठवण या तीन कसोट्या ठरवल्या. चालीत अंगाई पहिली, गझल दुसरी, नाचाचे गाणे तिसरे आले. शब्दांत गझल पहिली, नाचाचे गाणे दुसरे आणि अंगाई तिसरी ठरली. आठवणीत नाचाचे गाणे पुढे, मग अंगाई, मग गझल. आता जोड्या लावून पाहा. अंगाई तीनपैकी दोन कसोट्यांवर गझलेला मागे टाकते, गझल दोन कसोट्यांवर नाचाच्या गाण्याला मागे टाकते आणि नाचाचे गाणे पुन्हा दोन कसोट्यांवर अंगाईला हरवते. चिठ्ठ्या गोल फिरू लागतात आणि वरची चिठ्ठी सापडतच नाही. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये मतदानाबद्दल लिहिताना हेच दाखवले होते: प्रत्येक मतदाराचा क्रम स्पष्ट असूनही सर्वांच्या बहुमताचा क्रम असा चक्रात अडकू शकतो. त्यासाठी अनेक मतदारच असावे लागतात असे नाही, कान, डोके आणि आठवण असे तीन मतदार एकाच माणसात बसलेले असतात.

क्रम लावला की कारणही द्यावे लागते, हा आणखी एक त्रास. मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि जोनाथन स्कूलर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्ट्रॉबेरीचे जॅम चाखून गुण द्यायला सांगितले. ज्यांना आवडीची कारणे आधी लिहून काढायला लावली, त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांपासून अधिक दूर गेले. शब्दांत मांडता येण्याजोगे कारण हाती लागले की त्या कारणालाच जास्त वजन मिळते, असा त्याचा अर्थ लावला जातो. माझ्या यादीत शब्दप्रधान गाणी वर का सरकली, हे वाचल्यावर लक्षात आले आणि थोडी लाजही वाटली.

ज्यांचा हा व्यवसायच आहे, त्यांनी यातून आपापल्या पळवाटा काढल्या आहेत. ब्रिटनचे ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सर्वश्रेष्ठ चित्रपटांच्या याद्या मागवते. प्रत्येकाने दहा नावे द्यायची; त्यांत कोणाला कितवे मानले हे मोजले जात नाही, प्रत्येक नावाला एकच मत मिळते. वरचा क्रम लागतो तो मतांच्या बेरजेतून आणि तोही टिकत नाही. ‘सिटिझन केन’ १९६२ ते २००२ अशा सलग पाच फेऱ्यांत पहिला होता; २०१२ मध्ये ती जागा ‘व्हर्टिगो’ने घेतली आणि २०२२ मध्ये शान्ताल आकेरमान यांच्या १९७५ मधल्या ‘जान डीलमन’ने, जो आधीच्या फेरीत पहिल्या तिसांतही नव्हता. बीबीसी रेडिओवर १९४२ मध्ये सुरू झालेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या कार्यक्रमाची रीत मला अधिक दयाळू वाटते. निर्जन बेटावर नेण्यासाठी पाहुण्याने आठ ध्वनिमुद्रणे निवडायची असतात. ती दुसरी की पाचवी, असे कोणी विचारत नाही, फक्त शेवटी आठांपैकी एकच वाचवायचे झाले तर कोणते, एवढा प्रश्न येतो.

माझ्या कागदावर शाईने लिहिलेले पहिले गाणे मी दोन वर्षांत एकदाही लावलेले नाही, हे पाचव्या संध्याकाळी ध्यानात आले. मग फोनमधली नोंद उघडून पाहिली. त्या काळात सर्वांत जास्त वेळा ऐकलेले गाणे या यादीत कुठेच नव्हते. ते पहिल्या जागी लिहायला हात धजावला नाही आणि वगळणेही जमले नाही. दहाव्या आकड्यासमोर आता पाच नावे आहेत.