इंजिनिअरची सही आणि कायदा

मित्रहो, इंजिनिअरांच्या नोंदणीचा विषय निघाला की चर्चा पहिल्या पाच मिनिटांतच पदवीवर घसरते. कुणाचं कॉलेज बरं, कुणाचं बोगस, डिप्लोमावाल्याला इंजिनिअर म्हणायचं की नाही. त्या वाटेला मी आज जाणार नाही. माझं म्हणणं असं की कायद्यानं राखायची ती इंजिनिअरची सही. कोणता कागद कुणाच्या सहीशिवाय पुढे सरकू नये, आणि सही करणाऱ्याला नंतर कशाचा जाब द्यावा लागेल, एवढं ठरलं तरी पुष्कळ झालं. बिरुदाचं नंतर पाहता येईल.

सुरुवातही सहीपासूनच झाली आहे. अमेरिकेत इंजिनिअरांना परवाना सक्तीचा करणारं पहिलं राज्य वायोमिंग, वर्ष 1907. कोरडा प्रदेश. पाण्याचा हक्क हवा तर सरकारकडे अर्ज करायचा आणि सोबत कालव्याचा नकाशा जोडायचा. राज्याचे मुख्य अभियंता क्लॅरेन्स जॉन्स्टन यांच्याकडे जे नकाशे येत, ते बऱ्याचदा वकिलांनी किंवा नोटरींनी स्वतःच काढलेले असत आणि खाली ‘इंजिनिअर’ म्हणून सहीही त्यांचीच असे. असल्या नकाशांवरून पाणी वाटायचं कसं? म्हणून कायदा आला. कुणी दगावलं नव्हतं, काही कोसळलं नव्हतं. एक अधिकारी वैतागला होता. पुढचे कायदे मात्र इतके स्वस्तात आले नाहीत.

कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस धरण 12 मार्च 1928च्या मध्यरात्रीच्या सुमारास फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. ते उभारणारे विल्यम मल्होलंड हे मोठे नाव कमावलेले, पण स्वतःच शिकलेले इंजिनिअर. फुटण्याच्या साधारण बारा तास आधी त्यांनी स्वतः जाऊन गळती पाहिली होती आणि धोका नाही असं सांगितलं होतं. चौकशी करणाऱ्या ज्यूरीनं म्हटलं, माणूस कितीही थोर असला तरी एवढं काम एकट्याच्या निर्णयावर सोडू नये. पुढच्याच वर्षी, 1929 साली, तिथे सिव्हिल इंजिनिअरांची नोंदणी कायद्यानं सक्तीची झाली. टेक्सासमध्ये 18 मार्च 1937 रोजी न्यू लंडन इथल्या शाळेत गळालेल्या गॅसचा स्फोट झाला. जवळजवळ तीनशे बळी, त्यांत बहुतेक मुलं. त्याच वर्षी तिथे इंजिनिअरिंगचा कायदा झाला.

आता जरा थांबून एक घटना नीट पाहू, कारण सही म्हणजे काय हे तिच्यात सगळं आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं कॅन्सस सिटी, हयात रीजन्सी हॉटेल, 17 जुलै 1981. हॉटेलच्या उंच दालनात वरच्या मजल्यांना जोडणारे पूल छतापासून पोलादी सळ्यांनी टांगलेले होते. दुसऱ्या मजल्याचा पूल बरोबर चौथ्या मजल्याच्या पुलाखाली. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून खालपर्यंत एकच अखंड सळी होती. ती बसवायला अवघड, म्हणून पोलादकाम करणाऱ्यांनी सुचवलं की दोन सळ्या घेऊ: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरी चौथ्या मजल्याच्या तुळईपासून खाली. बदल किरकोळ दिसतो. पण अखंड सळीत वरच्या तुळईखालच्या नटाला फक्त त्याच पुलाचं वजन पेलायचं होतं. खालच्या पुलाचा भार थेट सळी घेत होती. सळी तोडल्यावर खालचा पूल वरच्या तुळईला लटकला आणि त्याच नटावर भार दुप्पट झाला. बरं, मूळ रचनाही तिथल्या बांधकाम नियमांत बसत नव्हती. शॉप ड्रॉइंग, म्हणजे पोलादकाम करणाऱ्यांनी काढलेले तपशिलाचे नकाशे, इंजिनिअरच्या ऑफिसात आली, शिक्का बसला, परत गेली. त्या संध्याकाळी पूल कोसळले आणि 114 माणसं मेली.

पुढे जे घडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फौजदारी खटल्यापर्यंत प्रकरण गेलंच नाही, कारण गुन्हा ठरण्याइतका पुरावा सापडला नाही. मग परवाना देणाऱ्या मंडळानं कारवाई सुरू केली. इंजिनिअरांचा बचाव असा, की सांधे पोलादकाम करणाऱ्यानंच डिझाइन करायचे हा या धंद्यातला रिवाज आहे. तो मानला गेला नाही. शिक्का तुमचा, तर सांधाही तुमचा, असा निवाड्याचा मथितार्थ. घोर निष्काळजीपणा ठरला, मिसुरीतले परवाने गेले, आणि 1988 मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. फौजदारी कोर्टात गुन्हा सिद्ध करावा लागतो. दिवाणीत भरपाई मिळते, ती बहुतेकदा विमा कंपनी भरते. ‘या माणसानं हे काम आता करू नये’ एवढंच म्हणण्याची सोय या दोन्हींकडे नाही. ती फक्त परवानाधारकांच्या नोंदवहीकडे असते. नाव काढून टाकायचं तर नाव आधी तिथे असावं लागतं.

याउलट जिथे सही लागतच नाही तिथे काय होतं? अमेरिकेत कारखाने आणि सार्वजनिक सेवा कंपन्यांच्या पदरच्या इंजिनिअरांना बहुतेक राज्यांत परवान्यातून सूट आहे. युक्तिवाद असा, की जबाबदारी कंपनी घेतेच. मॅसॅच्युसेट्समध्ये मेरिमॅक खोऱ्यात 13 सप्टेंबर 2018 रोजी गॅसची जुनी बिडाची लाइन बंद करून नवी प्लास्टिकची जोडायचं काम चालू होतं. दाब मोजणाऱ्या नळ्या जुन्या लाइनवरच राहिल्या. जुनी बंद झाली, तिच्यातला दाब घसरला. नियंत्रक यंत्रणेला वाटलं गॅस कमी पडतोय, म्हणून तिनं झडपा उघडल्या आणि नव्या लाइनमध्ये भलताच दाब चढला. घराघरांत आगी, स्फोट. एका तरुणाचा बळी. त्या कामाच्या आराखड्यावर परवानाधारक इंजिनिअरची सही नव्हती, कारण कायद्यानं लागतच नव्हती. केंद्रीय चौकशी मंडळानं ही सूट काढा अशी तातडीची शिफारस केली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी राज्यानं कायदा केला. सहीमुळे चूक नक्की टळली असती असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. हयातमध्ये सही होतीच की! पण ‘त्या नळ्यांचं काय?’ हा प्रश्न विचारणं कुणा एकाचं काम झालं असतं.

बिरुदाची राखण करायला गेलं की कसं हसं होतं, याचं उदाहरण ओरेगॉनचं. तिथल्या एका गृहस्थांनी पिवळ्या सिग्नलच्या वेळेचं गणित चुकतंय असं अभ्यास करून दाखवलं. मंडळानं त्यांना 500 डॉलर दंड केला, कारण ते परवान्याशिवाय स्वतःला इंजिनिअर म्हणवत होते. माणूस शिकलेला इंजिनिअर, कुणाचं काम घेत नव्हता, कुठे शिक्का मारत नव्हता. 2018च्या डिसेंबरात फेडरल कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. योग्यच झालं.

आपल्याकडे वकिलांना 1961चा कायदा आहे, सनदी लेखापालांना 1949चा, वास्तुविशारदांना 1972चा. सर्व इंजिनिअरांसाठी असा केंद्रीय कायदा नाही. मसुदे निघतात आणि विरतात. 2001च्या 26 जानेवारीच्या भूकंपात भूजपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. गुजरातनं 2006 मध्ये सिव्हिल इंजिनिअरांसाठी स्वतःचा कायदा केला. इतरत्र महापालिका आपापल्या यादीवर स्ट्रक्चरल इंजिनिअर घेतात. एका यादीतून नाव कटलं तरी दुसऱ्या शहरात पाटी लावायला मोकळीक राहते, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

वास्तुविशारदांच्या कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 17 मार्च 2020 रोजी दिलेला निकाल मसुदा लिहिणाऱ्यांनी वाचावा. न्यायालय म्हणालं, हा कायदा नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावायला मनाई करतो, पण ते काम करायला मनाई करत नाही. वकिलांच्या कायद्यात उलट आहे: नाव काहीही लावा, नोंदणीशिवाय वकिली करता येत नाही. इंजिनिअरांचा कायदा पहिल्या प्रकारचा निघाला तर व्हिजिटिंग कार्डं तेवढी बदलतील. आणि दुसऱ्या प्रकारचा सरसकट लावला तर सॉफ्टवेअरपासून साखर कारखान्यापर्यंत लाखो लोकांना नोंदणीच्या रांगेत उभं करावं लागेल. त्या रांगेतून काय निष्पन्न होईल याची मला शंका आहे. म्हणून कामांची यादी करावी. इमारतीचा सांगाडा, पूल, धरण, दाबाखाली वाफ किंवा वायू ठेवणारी भांडी आणि वाहिन्या, लिफ्ट, मोठे विद्युत संच. या कागदांवर नोंदणीकृत माणसाची सही, बाकीच्यांना मोकळीक.

राहिली भाड्यानं मिळणारी सही. आर.सी.सी. डिझाइन एकाचं, हिशोब दुसऱ्यानं केलेला, साइट कुणीच न पाहिलेली, आणि स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर, म्हणजे इमारत मजबूत असल्याच्या दाखल्यावर, तिसऱ्याचं नाव. फी किती ते तुम्हाला माहीत आहे. नोंदणीनं हे आपोआप थांबत नाही. उलट नोंदणी झालेल्या सहीला भाव जास्त येतो. इथे मला सनदी लेखापालांचं एक कलम उचलावंसं वाटतं. ज्या कंपनीचं ऑडिट आधी दुसरा लेखापाल करत होता, तिचं काम घेण्यापूर्वी नव्यानं जुन्याला लेखी कळवलंच पाहिजे. न कळवणं हे त्यांच्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे. आपल्याकडे एखाद्यानं स्लॅब पाहून सही नाकारली, तर मालक दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे जातो आणि दुसऱ्याला काही कळत नाही, निदान तसं म्हणता येतं. पहिल्याला पत्र पाठवून ‘तुम्ही का सोडलंत?’ असं विचारणं दुसऱ्यावर बंधनकारक करा, उत्तर फाइलला लावा, आणि ती फाइल महापालिकेकडे जाऊ द्या. मसुद्यात हे कलम तीन ओळींत बसेल. प्रश्न असतील तर आता घेऊ.